मजूर हाकलला, पोरांना काम मिळाले?

"बाहेरचे मजूर बंद करा, आपल्या पोरांना काम मिळेल." निवडणूक आली की ही आरोळी हमखास ऐकू येते. अमेरिकेने हे करून पाहिले आहे, आणि तेही शेतीत.

१९४२ पासून मेक्सिकोचे मजूर करारावर अमेरिकेच्या शेतांत येत. त्यांना ब्रासेरो म्हणत. कापूस वेचणे, टोमॅटो तोडणे ही त्यांची कामे. यांच्यामुळे देशी मजुराची मजुरी पडते, असे म्हणून १९६४ अखेर सरकारने ही योजना बंद केली. पुढच्याच उन्हाळ्यात मजूरमंत्री विलार्ड वर्ट्झ यांनी हिशेब मांडला: शेतात माणूस नाही, शाळकरी पोरांना सुटीत काम नाही, तर शाळांतले खेळाडू शेतावर पाठवा! लक्ष्य २०,००० पोरांचे. प्रत्यक्ष शेतात पोचली सुमारे ३,३००, आणि त्यांतलीही बरीच उन्हाला कंटाळून परतली. मैदानावर पळणे वेगळे आणि दिवसभर वाकून तोडणी करणे वेगळे, हे मंत्रिमहोदयांना आपल्या कुठल्याही वेचणाऱ्या बाईने फुकट सांगितले असते.

मायकेल क्लेमेन्स या अर्थशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह हे सगळे आकडे पुन्हा तपासले. त्यांचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ पाच लाख मजूर गेले, पण जिथे ब्रासेरो फार होते आणि जिथे नव्हतेच, त्या दोन्ही राज्यांत मजुरीची चाल सारखीच राहिली. काम देशी माणसाकडे गेले नाही, यंत्राकडे गेले. टोमॅटो तोडणीचे यंत्र आणि त्याला जुळणारे, घट्ट सालीचे, एकदम पिकणारे वाण कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात आधीच तयार होते. मजूर मिळत होता तोवर ते फारसे कोणी घेत नव्हते. मजूर गेला आणि थोड्याच वर्षांत कारखान्याचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. कापसातही यंत्राचा वेग वाढला. स्ट्रॉबेरीसारख्या पिकांना यंत्र नव्हते. त्यांचे उत्पादनच घटले.

एक गोष्ट मात्र राज्याराज्यांच्या सरासरीत दिसत नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमजुरांनी संप केला. ब्रासेरो आणून संप फोडायची जुनी सोय मालकांना उरली नव्हती. तरी करार व्हायला १९७० उजाडले. पाच वर्षे झगडावे लागले. सरकारने दार लावले म्हणून कोणी मजुरी वाढवून हातात दिली नाही. आपण मजूर लावणारे, आपल्याला हे कडू लागेल. लागू द्या.

आता आपले बघा. आपल्या कोरडवाहू कपाशीची बोंडे एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. यंत्र अजून या कपाशीला बसलेले नाही. बाहेरच्या टोळ्या थांबल्या तर आपण टोमॅटोच्या रांगेत नाही, स्ट्रॉबेरीच्या रांगेत उभे राहू. गावचा बारावी झालेला पोरगा वेचणीला येत नाही तो परक्या मजुराने जागा अडवली म्हणून नव्हे. त्या मजुरीत संसार होत नाही म्हणून. आणि ती मजुरी द्यायची कापसाच्या भावातूनच.

जिल्हा बैठकीत बाहेरच्या मजुरांविरुद्ध ठराव मांडायचा असेल, त्याने जरूर मांडावा. फक्त आधी सांगावे: आपल्या वावरात वेचणीचा किलोमागे दर किती देता, आणि त्या दराने स्वतःचा मुलगा येतो का?