शुल्क भरले, व्यायाम राहिला

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावरील जिमसमोर दुचाकी लावायला जागा मिळत नाही. काचेच्या भिंतीआड दिव्यांचा लखलखाट, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि फिरत्या पट्ट्यांवर रांगेने धावणारी पण तसूभरही पुढे न सरकणारी माणसे. महाशिवरात्र येईपर्यंत त्याच रस्त्यावर दुचाकी हवी तेथे लावता येते. हे दरवर्षी घडते आणि दरवर्षी आपल्यापैकी अनेक जण नव्या उत्साहाने वर्षाचे पैसे एकरकमी भरून येतात. ‘जिम लावली’ हा शब्दप्रयोग आता मराठीत पुरता रुळला आहे. पूर्वी आपण दूध लावत असू, शिकवणी लावत असू, खानावळ लावत असू. आता आरोग्य ‘लावतो’. दूध लावले की ते निदान सकाळी दारात येऊन पडते. व्यायामाचे तसे नाही, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसाच्याही ध्यानात येऊ नये याचे नवल वाटते.

प्रथम हिशेब मांडू. मध्यम प्रतीच्या जिमचे वार्षिक शुल्क समजा १५,००० रुपये आहे. त्यावर वस्तू व सेवा कर. हा कर पूर्वी १८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला, ही चांगलीच गोष्ट झाली. एकूण १५,७५० रुपये. वर्षातून तीनशे दिवस जाणाऱ्याला एका दिवसाच्या व्यायामाचे साडेबावन्न रुपये पडतात. याला महाग म्हणणे अन्यायाचे होईल. पण हाच सभासद वर्षात पंचेचाळीसच दिवस गेला, तर त्याला प्रत्येक खेपेचे साडेतीनशे रुपये पडले. पती-पत्नी दोघांचे मिळून पाच वर्षांचे दीड लाखांहून अधिक होतात. शिवाय जाण्यायेण्याचे पेट्रोल, विशेष बूट, चुस्त कपडे आणि तेथल्या प्रशिक्षकाने गळ्यात मारलेला भुकटीचा डबा वेगळाच.

पंचेचाळीस दिवस हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला, परंतु तो अतिशयोक्त नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामकेंद्रांतील ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांतील हजेरीचा अभ्यास केला आणि २००६ साली तो प्रसिद्ध केला. दरमहा ७० डॉलरहून अधिक ठरावीक शुल्क देणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा केंद्रात जात होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत होते. तेथेच दहा खेपांचा परवाना घेतला असता, तर एका खेपेला १० डॉलर पडले असते! या विद्वानांनी आपल्या निबंधाला नावही मार्मिक दिले आहे : जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणे. आकडे अमेरिकेतील आहेत हे खरे. पण आळसाला पारपत्र लागत नाही.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःची कबुली देतो. २०१८ साली रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले, तेव्हा मीही घाबरून एका जिमचे वर्षाचे पैसे भरले. पुढे पाठदुखीचे निमित्त काढून उरलेले शुल्क परत मागायला गेलो. तेथील तरुणाने अंगठ्याच्या ठशांच्या यंत्रातून हजेरीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आठ महिन्यांत एकतीस दिवस! शुल्क परत मिळणार नाही हे पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलेच होते. मला राग आला तो त्या तरुणाचा नव्हे. आठ महिने मी घरी, कार्यालयात, नातेवाइकांत ‘जिमला जातो’ असे सांगत होतो आणि तसे मला मनापासून वाटतही होते. मी विकत घेतले होते ते हे वाटणे.

या धंद्याचे मर्म येथे आहे. पैसे भरलेले सगळे सभासद एखाद्या सकाळी सात वाजता खरोखरच हजर झाले, तर तेथे उभे राहायला जागा पुरणार नाही. मालकाला हे पुरते ठाऊक असते. जो येत नाही त्याच्याच पैशांवर जो येतो त्याला पंखा, पाणी आणि वातानुकूलन मिळते. आपण का आला नाहीत, असे तेथून कोणीही विचारणार नाही. विचारणे त्यांच्या हिताचे नाही. दूरध्वनी येतो तो वर्ष संपताना, नूतनीकरणासाठी.

मग यंत्रे घरीच आणावीत काय? आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील एका गृहस्थांनी तो प्रयोग केला. हप्त्यांवर ट्रेडमिल आणली. आज त्या यंत्राच्या दांड्यांवर टॉवेल वाळतात आणि पट्ट्यावर नातवाची खेळणी असतात. एक आडवळण घेतो. पायांनी फिरवायचे हे चक्र १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांना राबवण्यासाठी तयार केले. इंग्रजांच्या तुरुंगांत ते अनेक दशके चालले आणि एकोणिसावे शतक सरता सरता अमानुष शिक्षा म्हणून मागे पडले. ती शिक्षा आपण हप्ते भरून दिवाणखान्यात आणतो, हा काळाचा विनोदच म्हणायचा. असो.

व्यायामाला लागते तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस तरी स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एवढे करण्यास सतरंजीभर जागा पुरते. तरीही ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करीत नव्हते आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून वाईट होते. देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचा निष्कर्ष २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या मोठ्या सर्वेक्षणातून आला. जिमची संख्या वाढली, आणि रोगही वाढला.

ज्या महाराष्ट्रात हे घडते आहे, त्याला व्यायाम कोणी नव्याने शिकवायला नको होता. समर्थांचे अकरा मारुती केवळ तेल वाहण्यासाठी उभे राहिले नाहीत. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत. त्यांनी ते संस्थानातील शाळांत नेले आणि त्यावर पुस्तकेही लिहिली. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. तेथील मंडळींनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. बडोद्यात मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध केला. तो आज किती घरांत आहे हा प्रश्न विचारूच नये. किती व्याख्यात्यांनी तो हाती घेतला आहे, एवढा विचारावा. सूर्यनमस्काराची थोरवी व्यासपीठावरून सांगणारे आणि सांगून झाल्यावर व्यासपीठाच्या दोन पायऱ्या उतरताना धापा टाकणारे वक्ते मी पुष्कळ पाहिले आहेत. आपल्यापैकीच आहेत ते.

माझ्या लहानपणी आमच्या गावी देवळामागे तालीम होती. हौद्यात ताक, तेल आणि हळद घालून मळलेली तांबडी माती, भिंतीशी करेलांच्या जोड्या, कोनाड्यात मारुती. वर्गणी नाममात्र, तीही पुष्कळांची थकलेली. तेथे यंत्र एकही नव्हते. पण वस्ताद होते. कोणाची बैठक अर्धी राहते, कोण जोर मारताना कंबर टाकतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. दोन दिवस मुलगा दिसला नाही की तिसऱ्या दिवशी घरी निरोप येई, ‘पोरगं आजारी आहे का?’ आजारी नसलेल्या पोराची त्यानंतर धडगत नसे. तालमींचे सारे सोनेच होते असे मी म्हणणार नाही. त्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत माझ्या बहिणींना प्रवेश नव्हता आणि भांडणांत मनगट वापरणारेही तेथूनच निघत. पण न येणाऱ्याची चौकशी तेथे होत असे. आजची जिम आणि आजची घरातली सतरंजी, दोन्ही ठिकाणी नेमकी हीच चौकशी नाही.

माझी मुलगी माझ्या मताशी सहमत नाही. ती आठवड्यातून चार दिवस जिमला जाते, वजने उचलते आणि तिचे शुल्क ती पुरेपूर वसूल करते. ‘बाबा, तुमच्या सूर्यनमस्कारांत आणि जोरांत सगळे ढकलणे आहे. ओढण्याचा व्यायाम कुठे आहे?’ असे तिने एकदा विचारले आणि मी निरुत्तर झालो. मुद्दा बरोबर आहे. पाठीच्या स्नायूंसाठी दोर किंवा मल्लखांब हवा, नाही तर दाराच्या चौकटीत घट्ट बसणारी आडवी दांडी तरी हवी. दांडी, डंबेल्सची जोडी आणि दोरीच्या उड्यांची दोरी मिळून चार-पाच हजारांत, तेही एकदाच, घरची व्यवस्था होते. तिचा दुसरा मुद्दा याहून कठीण होता. सकाळी अंधारात मैदानावर किंवा रस्त्यावर व्यायाम करणाऱ्या मुलीकडे लोक कसे पाहतात, हे पुरुषांना कळत नाही; काचेआड तिला कोणी छेडत नाही. तिच्या शुल्कातला मोठा वाटा या निर्धास्तपणाचा आहे, आणि तो तिला भरावा लागतो ही लाज आपली आहे.

घरचा व्यायाम टिकतो का, याची परीक्षा २०२० साली झाली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. महाराष्ट्रातील जिम उघडल्या त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. ते सात महिने माझ्या पथ्यावर पडले. पत्नी आणि मी बारा सूर्यनमस्कार व वीस बैठका अशी सुरुवात केली. आई खाटेवर बसून मोठ्याने मोजत असे आणि मी दहा झाल्यावर थांबलो, तर ‘अजून दोन राहिले’ म्हणून हटकत असे. वस्तादांनंतर मला कोणी मोजणारे भेटले ते तेव्हा. आई गेली त्या वर्षी माझा नेम पुन्हा तुटला होता, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी एक मागणी केली. आमच्या इमारतीची गच्ची पहाटे साडेपाच ते सात उघडी ठेवावी, ज्यांना व्यायाम करायचा आहे त्यांनी एकत्र जमावे; खर्च शून्य. अध्यक्ष म्हणाले, गच्ची निसरडी होते, कोणी पडले तर जबाबदारी कोणाची? प्रश्न पुढे ढकलला गेला. त्याच सभेत तळमजल्यावर व्यायामाची यंत्रे बसवण्यासाठी प्रत्येक सदनिकेकडून ६,००० रुपये घेण्याचा ठराव दहा मिनिटांत संमत झाला. यंत्रांवरून कोणी पडले तर काय, हे कोणी विचारले नाही. माझा विरोध इतिवृत्तात नोंदलेला आहे. यंत्रे आली आहेत. खोलीला बहुधा कुलूप असते. आम्ही सात जण, त्यांत तीन स्त्रिया, सध्या वाहनतळाच्या रिकाम्या कोपऱ्यात पावणेसहाला जमतो. जो आला नाही, त्याच्या घराची घंटा सहा वाजता वाजवायची, एवढा एकच नियम केला आहे. गच्चीच्या किल्लीसाठी दुसरा अर्ज या महिन्यात दिला आहे.