बहिष्कार कोणी घातला ?

मतदानाचा दिवस मावळला की दुसऱ्या दिवसापासून शहाण्या लोकांची प्रवचने सुरू होतात. कुणबी अडाणी, त्याला मताची किंमत काय कळणार ? कारूनारू लोक पैशाला भुलतात, बायका घरधनी सांगेल तेच बटण दाबतात, आणि बाकीचे घरी लोळत पडतात ! शंभर वर्षांमागे असेच शहाणे विचारीत, कायदेकौन्सिलात नांगऱ्याचे काय काम ? तेव्हा इंग्रजी मुलखात ठरावीक सारा भरणाऱ्यालाच मत असे. आमच्या निजामी मुलखात तर सामान्य रयतेला मत हा शब्दच ठाऊक नव्हता. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या आजोबा-पणजोबांच्या हाती तो हक्क आला. हक्क आला, पण हेटाळणी गेली नाही.

बंधुभगिनींनो, या हेटाळणीला आपण एकच जबाब देऊ. 20 नोव्हेंबर 2024 रोजी नांदेड जिल्ह्यात एकाच दिवशी दोन मतदाने झाली, एक विधानसभेचे व एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीचे. आमचा धर्माबाद तालुका नायगाव मतदारसंघात मोडतो. नांदेड लोकसभेखालील सहाही विधानसभा जागा महायुतीला गेल्या, आणि लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण निवडून आले ! तोच मतदार, तीच खोली, तीच शाई लावलेले बोट, परंतु निवाडे दोन. कोणता निवाडा बरा, हा वाद येथे नको. पण मेंढरांचा कळप असा दोन वाटांनी विचार करून चालतो काय ? आणि लोकसभेचा निकाल किती मतांनी लागला ? 18 लाखांहून अधिक मतदारांच्या मतदारसंघात अवघ्या 1,457 मतांनी ! एखाद्या बेताच्या गावाची मतदारयादी एवढी असते. 'माझ्या एका मताने काय होते' असे म्हणणाऱ्याने हा आकडा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावा.

आता खरा बहिष्कार कोणी घातला ते पाहू. गावची शाळा, दवाखाना, आडवाटेचा रस्ता, जनावरांचा डॉक्टर हा सारा कारभार जिल्हा परिषद व पंचायत समितीकडे असतो. मुदत सरण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे 1993 पासून घटनेत लिहिलेले आहे. नांदेड जिल्हा परिषदेची निवडणूक 2017 साली झाली, मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि 2025 साल सरले तरी नवी निवडणूक झाली नव्हती ! इतकी वर्षे प्रशासकाची सही चालली. इतर मागासवर्गीयांच्या जागांचा वाद कोर्टात होता हे आम्ही जाणतो. पण मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जी माहिती मागितली, ती गोळा करणे कुंभाराचे काम होते की सुताराचे ? ज्यांचे काम होते त्यांनी वेळेवर केले नाही. पुढे 6 मे 2025 रोजी 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' असे त्याच न्यायालयाला बजावावे लागले. रयत एक दिवस केंद्रावर गेली नाही तर ती आळशी, आणि सरकारने वर्षानुवर्षे केंद्रच उघडले नाही तर तो कारभार ! हा कुठला न्याय ?

दुसरी गोष्ट पोटाची. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातील तांड्यांवरून ऊसतोड्यांच्या टोळ्या कारखान्यांवर जातात. कोणी वीटभट्टीवर, कोणी निजामाबाद-हैदराबादेस बांधकामावर. नाव गावच्या यादीत आणि पाय परमुलखात. सैनिकाला टपालाने मत देता येते, आणि ते योग्यच आहे. मजुराला तशी सोय नाही. परगावाहून मत देता येईल असे यंत्र निवडणूक आयोगाने 2022 च्या अखेरीस सुचविले, पक्षांनी शंका काढल्या, आणि ते तसेच राहिले. मतदानादिवशी रोजंदारीच्या माणसालाही पगारी सुटी द्यावी असा कायदा आहे. पण उचल घेतलेला मजूर मुकादमापुढे तो कायदा काय वाचून दाखविणार?

इतके सांगितल्यावर आपला दोष नाहीच काय ? आहे, आणि तो कडू असला तरी ऐकावा. गोदावरीवरील बाभळीचा बंधारा आमच्याच तालुक्यात. त्यात 2.74 टीएमसी पाणी मावते. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. म्हणजे पूर येतो तेव्हा दार उघडे, आणि पूर ओसरला की दार बंद ! याच बंधाऱ्याविरुद्ध जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन धर्माबादेस आले व अटकेत बसले. त्याच महिन्यात तेलंगणात पोटनिवडणुका होत्या. त्यांचा शेतकरी पाण्याचा हिशेब मागून मत देतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते धावले. आमच्यासाठी असे कोण धावले ? आणि का धावावे ? आम्ही मत देताना पाणी विचारतो काय ? उमेदवार कोणत्या जातीचा, कोणाचा सोयरा, रात्री जेवण कोठे, एवढेच विचारतो ! मग 2018 साली सरहद्दीवरील गावांना 'आम्हाला तेलंगणात घाला' म्हणण्याची पाळी आली. ती हाक उदासीनाची नव्हे, कोंडमारा झालेल्याची होती. पण पाच वर्षांतून एकदा जे हातात असते ते आधी वापरावे, मग सरहद्द ओलांडावी.

पाचशेच्या नोटेचेही गणित मांडू. मी शाळामास्तर, मला दुसरे काय येते? पाच वर्षांचे दिवस 1,826. पाचशे रुपयांना भागिले तर रोजचे 27 पैसे पडतात. मोंढ्यात मिरचीचा भाव पाडला तर आपण आडत्याशी भांडतो, आणि पाच वर्षांची जबान 27 पैशांनी देऊन टाकतो ! कोठे कोठे तर मतदानच नको, सरपंचपदाची बोली लावा, असा नवा धर्म निघाला आहे. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबारमधील खोंडामळी येथील निवडणुका निवडणूक आयोगाने याच कारणास्तव रद्द केल्या. पैसा देवळाला गेला म्हणून पाप धुतले जात नाही. बोली लावणारा धनवान आणि गप्प बसणारे गरीब, ही जुनी पाटीलकी नव्या कपड्यात आली, एवढेच.

सबब आमचे सांगणे थोडके आहे. अठरा वर्षे पुरी झालेल्या पोरापोरीचे नाव नमुना 6 भरून यादीत घाला. टोळीवर जाण्यापूर्वी मतदानाची तारीख विचारा व परत येण्याचे भाडे उचलीतच ठरवून घ्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. तेथे सही करून घरी पळू नका, हिशेब वाचून मागा. बायांनी महिलांच्या ग्रामसभेत नवऱ्यास बाहेर बसवून स्वतः बोलावे. आणि जो उमेदवार दारी येईल त्याला एकच प्रश्न, बाभळीचे पाणी, शाळेचा मास्तर, जिल्हा परिषदेची निवडणूक यांबद्दल तू काय करणार ? जबाब नसेल तर चहा द्या, मत देऊ नका.

मत हे दान नव्हे. दान दिले की विसरावयाचे असते. मत ही उधारी आहे. दिली की पाच वर्षे वसूल करावयाची असते. वसुलीला न जाणाऱ्या सावकाराचे दिवाळे निघते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको.

— एक ग्रामशिक्षक, ता. धर्माबाद