‘घेत नाही’, ‘टिकत नाही’ आणि ‘बसते’ : एका नादुरुस्त स्कूटरच्या निमित्ताने

मराठीच्या अध्यापकांनी बॅटरीच्या चार्जिंगविषयी लिहावे हा अव्यापारेषु व्यापार आहे, असे कुणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. तरीही हा विषय आमच्या टेबलावर आला तो भाषेच्याच वाटेने आला आणि आमच्या व्यवसायातील एक उणीव दाखवून गेला. म्हणून हे टिपण.

आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक सहकारी मोताळ्याहून बुलढाण्याला येतात. वाटेत राजूर घाट आहे. पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून त्यांनी कर्ज काढून विजेवरची एक लहान स्कूटर घेतली. उन्हाळी परीक्षांच्या दिवसांत ही स्कूटर महाविद्यालयात चार्ज होईनाशी झाली. घरी रात्री मात्र होई. पंधरा-वीस दिवसांनी घरीही होईना. विक्रेत्याकडे नेली तेव्हा पाच मिनिटांत निकाल लागला : बॅटरी गेली, नवी टाका. हमीची मुदत नुकतीच संपलेली, आणि नव्या बॅटरीची किंमत त्यांच्या दोन महिन्यांच्या मानधनाहून अधिक. हे मानधन दर महिन्याला मिळत नाही, हे या पेशातल्या वाचकांना सांगायला नको.

स्कूटरबरोबर मिळालेली पुस्तिका त्यांनी आमच्यापुढे ठेवली. इंग्रजीत छत्तीस पाने, हिंदीत चार, मराठीत एकही नाही. इंग्रजीतल्या दोषांच्या तक्त्यात ‘बॅटरी चार्ज होत नाही’ अशा अर्थाची एकच ओळ होती आणि तिच्यासमोर ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ एवढाच उपाय. आमच्यात दोघे पीएच.डी. आहेत. त्या ओळीच्या पलीकडे आम्हांला काहीही वाचता आले नाही, कारण वाचायला काही नव्हतेच.

शेवटी स्कूटर चिखली रस्त्यावरच्या एका कारागिराकडे गेली. हा गृहस्थ पूर्वी पाण्याच्या मोटारी भरत असे, मग इन्व्हर्टर दुरुस्त करू लागला, आता या गाड्या पाहतो. त्याने स्कूटरला हात लावण्याआधी विचारपूस केली, आणि ती आम्ही उभे राहून ऐकली. चार्जिंग घेतच नाही की घेते पण टिकत नाही? कॉलेजात आल्या आल्या लावता काय? चार्जरचा दिवा हिरवा राहतो की लाल होतो? चार्जरचा पंखा फिरतो? लावल्यावर पिन हलवून पाहावी लागते काय? ही गोष्ट कधीपासूनची, आणि आधी कोणती सुरू झाली?

या प्रश्नांतून दोन निरनिराळी दुखणी वेगळी झाली, जी विक्रेत्याच्या एका वाक्यात एकत्र कोंबली गेली होती. पहिले दुखणे मुळात दुखणेच नव्हते. लिथियम घटांना चार्ज करताना तापमानाची मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास धरली जाते. चालवताना, म्हणजे वीज बाहेर देताना, ती याहून बरीच वर असते. त्यामुळे एप्रिलच्या दुपारी घाट चढून तापलेली बॅटरी गाडी व्यवस्थित ओढत राहते, पण थांबल्या क्षणी चार्जर लावला तर नकार देते. आतले संरक्षक सर्किट तिला तसे करायला लावते. बॅटरी सावलीत तासभर निवू दिली की तीच बॅटरी निमूटपणे चार्जिंग घेते. घरी रात्री ती घेत होती याचे कारण हेच.

आमच्या सहकाऱ्यांना हे कुणी सांगितले नव्हते. त्यांनी तो नकार म्हणजे ढिली पिन समजून रोज दुपारी पिन काढ-घाल करायची, हलवून पाहायची, असा क्रम ठेवला. त्या हलवण्याने पिन खरोखरच ढिली झाली. ढिल्या जोडाचा रोध वाढतो, रोध वाढला की तो जोड तापतो, आणि तापता तापता एक दिवस स्कूटरच्या चार्जिंग सॉकेटमागची तार जळून सुटली. न झालेल्या दोषावरच्या उपायाने खरा दोष निर्माण झाला. (समीक्षेत असे घडत नाही असे कुणी म्हणू नये.)

कारागिराने मीटर लावला तो प्रसंग आमच्या दृष्टीने एखाद्या चांगल्या तासासारखा होता. त्याने आधी भिंतीवरचा सॉकेट पाहिला : वीज आहे, दाब पुरेसा आहे. आमच्या भागात संध्याकाळी कृषिपंप आणि घरगुती वापर एकाच वेळी वाढला की दाब इतका पडतो की काही चार्जर सुरूच होत नाहीत. म्हणून ही पायरी तो कधी गाळत नाही. मग चार्जरच्या तोंडाशी मोजले : ६७ व्होल्ट. या स्कूटरच्या ‘साठ व्होल्ट’ म्हणवणाऱ्या बॅटरीत सोळा घटांची एकसर जोडणी आहे. एक घट पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे सोळांचे ६७.२. तेव्हा चार्जर निर्दोष. मग बॅटरी बाहेर काढून तिच्या स्वतःच्या तोंडाशी मोजले : ५६. रिकामी होत आलेली, पण जिवंत. बॅटरी परत जागेवर बसवून शेवटी स्कूटरच्या चार्जिंग सॉकेटवर मोजले : शून्य. तो म्हणाला, “मॅडम, बॅटरीले काहीच नाही झालं. मधातला रस्ता तुटला हाये.” सॉकेट आणि वीतभर तार बदलायला अडीचशे रुपये लागले. बॅटरीचा डबा मात्र उघडायला तो तयार नव्हता, आणि संरक्षक सर्किट वगळून थेट जोडणी करून द्या म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्याने आमच्यादेखत परत पाठवले. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी अशा स्कूटरींनी पेट घेतल्यावर बॅटऱ्यांच्या सुरक्षेचे नियम डिसेंबरपासून कडक झाले, हे त्याला आमच्याहून नेमके ठाऊक होते.

आता भाषेकडे येतो. या दुकानात तासाभरात आम्ही तीन क्रियापदे ऐकली. बॅटरी चार्जिंग ‘घेत नाही’. चार्जिंग ‘टिकत नाही’. बॅटरी ‘बसते’. आमच्या कानांना ही एकाच तक्रारीची तीन रूपे वाटली असती, पण त्या दुकानात ती तीन वेगवेगळ्या दोषांची नावे आहेत. ‘घेत नाही’ म्हणजे वीज आत शिरतच नाही. तिथे भिंतीपासून बॅटरीपर्यंतची वाट तपासायची, म्हणजे सॉकेट, चार्जर, फ्यूज, पिना, तारा, आणि तापमानही. स्कूटर दोन-तीन महिने न चालवता ठेवली तर घट इतके खाली उतरतात की संरक्षक सर्किट स्वतःला बंद करून घेते. तोही ‘घेत नाही’चाच प्रकार. ‘टिकत नाही’ म्हणजे घेते, पूर्णही दाखवते, पण पूर्वी पन्नास किलोमीटर जाणारी गाडी पंचवीसवर थांबते. तिथे घट म्हातारे झालेले असतात किंवा त्यांच्यातला समतोल बिघडलेला असतो. आणि ‘बसते’ म्हणजे सपाटीवर सगळे ठीक, पण घाटात किंवा दोन माणसे बसल्यावर एकाएकी शक्ती जाते आणि गाडी बंद पडते. एकसर जोडणीतला एखादाच घट दुबळा असतो, भार येताच त्याचा दाब कोसळतो आणि बाकीचे सगळे त्याच्यापायी थांबतात. शिसे-आम्लाच्या जुन्या बॅटऱ्यांच्या गाड्यांत हे फार दिसते. चार किंवा पाच बॅटऱ्यांपैकी तीन स्वस्थ उभ्या असताना १२.७ व्होल्ट दाखवतात, एक भाराखाली साडेदहाच्या खाली जाते, आणि मालक चारही बदलून घेतो.

इंग्रजी पुस्तिकेने जिथे एक ओळ खर्च केली तिथे वऱ्हाडी बोलणाऱ्या कारागिरांनी तीन क्रियापदे घडवली आहेत. नामे उसनी आहेत, हे खरे : बॅटरी, चार्जर, पिन, सर्किट. पण निदान नामांत नसून क्रियापदांत आहे, आणि क्रियापदे मराठी आहेत. मराठीत इंग्रजी शब्द किती घुसले याची शिरगणती करण्यात आपल्या परिसंवादांचा बराच वेळ जातो. वाक्याचा कणा कोणत्या भाषेचा आहे, हे मोजायला आम्ही विसरलो.

परिभाषेच्या बाजूने काम झाले नाही असे नाही. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, परिभाषा कोश निघाले; १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद काम करते आहे. ‘विभवांतर’, ‘प्रभार’, ‘रोध’, ‘एकसर’ हे शब्द शाळेच्या पुस्तकांत रुळले. ‘घट’ हा शब्द तर आम्हांला विलक्षण वाटतो : नवरात्रात बसतो तो घट, कमी होणे ती घट, आणि वीज साठवणारा तोही घट. उतरलेल्या बॅटरीविषयी एवढा चपखल शब्द दुसऱ्या भाषेत असेल की नाही कोण जाणे. पण आमचे म्हणणे असे की शब्द झाले, वाक्ये झाली नाहीत. विज्ञानाचे कुतूहल जागवणारा लेख हा एक प्रकार आहे. तो मराठीत आहे आणि चांगला आहे. अडलेल्या माणसाला पायरीपायरीने दोषापर्यंत नेणारे, ‘असे दिसले तर इकडे जा, तसे दिसले तर तिकडे’ असे सांगणारे गद्य हा निराळा प्रकार आहे. तो आपल्याकडे तोंडी आहे, कागदावर जवळजवळ नाही.

ज्या जिल्ह्यात आम्ही शिकवतो तिथे हे अधिकच खटकते. लीळाचरित्रात मेहकर येते, लोणार येते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून विचारून ते गद्य सिद्ध केले. कोण कुठे होते, आधी काय झाले, मग काय झाले, हे साध्या वाक्यांत सांगण्याची रीत आमच्याच परिसरात सातशे वर्षांपूर्वी होती. आम्ही ती वर्गात ‘मराठी गद्याचा आरंभ’ म्हणून शिकवतो, आणि आरंभापाशीच सोडून देतो.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. पदवी वर्गांना उपयोजित मराठी आहे. त्यात वर्षानुवर्षे आम्ही अर्ज, जाहिरात, इतिवृत्त आणि बातमी शिकवत आलो. या प्रसंगानंतर द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगितले की विजेवरची स्कूटर चार्ज होत नसेल तर काय पाहावे ते दोन पानांत लिहून आणा. हवे तर कारागिराला विचारा. अठ्ठावीस वह्या आल्या. अकरा जणांनी ‘मी बॅटरी बोलतेय’ असे आत्मवृत्त लिहिले. काहींनी पर्यावरणावर निबंध लिहून पृथ्वी वाचवली. सात-आठ जणांनी कोश उघडून ‘प्रभारकाद्वारे प्रभारण केले जात असताना’ अशी वाक्ये रचली. ती त्यांना स्वतःलाही मोठ्याने वाचून दाखवता आली नाहीत. दोष त्यांचा नाही. शाळेपासून मराठीत लिहिणे म्हणजे एकतर गहिवरणे नाहीतर कार्यालयीन होणे, हे आपणच त्यांच्या हाडीमाशी रुजवले आहे. फक्त तिघांनी खरोखर दुकानात जाऊन ऐकले आणि ऐकले तसे लिहिले. त्यांत एकाच्या घरी अशी स्कूटर होती आणि एकीचे वडील स्वतः वायरमन आहेत.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की हे तंत्रनिकेतनाचे काम आहे; साहित्याच्या विभागाने संवेदना घडवावी. त्यांच्याविषयी आदर राखूनही आम्हांला हे पटत नाही. तंत्रनिकेतनात दोष शोधणे शिकवतील, पण तो दुसऱ्याला कळेल असा लिहिणे कुणी शिकवायचे? वाक्य कुठे संपवावे, अट आधी की क्रिया आधी, ‘तपासावे’ म्हणावे की ‘तपासा’, हे आमचे शास्त्र आहे. आणि संवेदनेचेच बोलायचे तर दोन महिन्यांचे मानधन एका वाक्यावर जाऊ पाहत होते; ते वाक्य तपासून पाहण्याचे साधन एम. ए. मराठी झालेल्या बाईंकडे त्यांच्या भाषेत नव्हते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, त्यानंतर आमच्याकडे पेढे वाटले गेले. तेही योग्यच झाले. पेढे खाताना हा प्रश्न आम्हांला सुचला नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

तिघांच्या वह्यांवरून आम्ही एक दीड पानी मजकूर तयार केला आणि त्या कारागिराला दाखवला. त्याने तो सावकाश, ओठ हलवत वाचला. ‘बॅटरी थंड झाल्यावर चार्जिंगला लावावी’ या वाक्यावर तो थांबला. त्याचे म्हणणे, थंड म्हणजे लोक पाणी मारतील. मागे एकाने खरेच मारले होते. मग ‘सावलीत तासभर निवू द्या’ असे केले. ‘विद्युतदाब’ त्याने खोडला आणि ‘व्होल्टेज’ लिहिले. फ्यूजच्या ओळीत ‘आधी चार्जर भिंतीतून काढा’ हे आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवले होते, ते त्याने वर नेले. शेवटच्या परिच्छेदातली आमची एक उपमा मात्र त्याने बराच वेळ पाहिली आणि विचारले, “सर, हे कशाले?”

उपमा काढून टाकली आहे. तो कागद सध्या त्याच्या दुकानात, मीटर टांगतो त्या खिळ्याखाली चिकटवलेला आहे. ‘बसते’चा भाग अजून लिहून व्हायचा आहे, कारण शिसे-आम्लाची बॅटरी आणि लिथियम यांना एकाच परिच्छेदात घ्यावे की नाही, यावर त्याचे आणि आमचे अद्याप एकमत झालेले नाही.