दमा, पंप आणि हवेचा हक्क

लंडनमधील एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. तीन वर्षांत तिला सुमारे तीस वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले होते. घर वर्दळीच्या रस्त्याजवळ. तरीही २०१४ च्या मृत्यूचौकशीत प्रदूषणाचा ठपका नव्हता. आई रोझामुंड लढत राहिली. २०१९ मध्ये हायकोर्टाने तो निष्कर्ष रद्द केला आणि डिसेंबर २०२० मध्ये फेरचौकशीत, दूषित हवेचा या मृत्यूला हातभार लागला, अशी नोंद झाली. धोक्याची माहिती आईला मिळाली असती, तर तिने मुलीला वाचवण्यासाठी पावले उचलली असती, हेही मान्य झाले. माहिती न देणे हासुद्धा अन्यायच आहे!

ती माहिती आपल्या वस्तीत तरी कोण देते? दमा म्हणजे श्वासनलिकांना आतून आलेली सूज. धूळ, परागकण, झुरळे, ओल, बुरशी, चुलीचा किंवा बिडीचा धूर यांमुळे त्या आक्रसतात. ॲलर्जीने सतत शिंकणाऱ्या मुलाला दम्याचा धोका अधिक. कामावरची धूळ आणि रसायने यांनी तो मोठेपणीही जडतो. तो संसर्गाने पसरत नाही, नशिबाने येत नाही. आणि 'पंपाची सवय लागते' हा निव्वळ गैरसमज आहे. पंपातील औषध कमी मात्रेत थेट फुप्फुसात पोचते. मात्र केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबणे घातक. सूज उतरवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे लागते.

जागतिक अंदाजांनुसार दम्याचे सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. आजार तोच, मग मरण आपल्याच वाट्याला जास्त का? कारण निदान उशिरा होते, औषध महाग पडते आणि गरिबाला घर मिळते ते धुराच्या तोंडाशी. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून माणसे तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलला पाठवली गेली. लोक लढले, तेव्हा २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे बजावले.

प्रदूषणमुक्त हवा हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइड ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. मग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांचे पंप किती आले, किती वाटले? माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करा. उत्तर आले नाही, तर अपील करा. लेकरांचा श्वास ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.