आधी नळ सोडा!

गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. हॉलच्या स्वयंपाकघरात महाप्रसादाची गडबड चालली होती. पातेलं उतरवताना एका मुलीच्या मनगटावर उकळतं वरण सांडलं. ती किंचाळली आणि क्षणात तिच्याभोवती गर्दी जमली. एकीने हळद आणली, दुसरीने बर्फ, तिसरी म्हणाली, "तूप लाव गं, तूप!" एका काकांनी तर मुलाला शेजारच्या दुकानात टूथपेस्ट आणायला पिटाळलं. सिंक दोन हातांवर होतं. नळ मात्र कोणी सोडला नाही.

ह्या लेखामुळे काही ज्येष्ठ मंडळी माझ्यावर रागावतील. तरीही लिहितो, कारण पंधरा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. माझ्या तीन वर्षांच्या लेकीने तापलेल्या इस्त्रीला हात लावला. मी आधी बर्फ चोळला, मग टूथपेस्टचा लेप दिला. हॉस्पिटलात नर्सला जखम दिसावी म्हणून आधी तो लेप धुऊन काढावा लागला. इस्त्रीने रडली नसेल एवढी पोर तेव्हा रडली. नर्सने मला एकच प्रश्न विचारला, "वाहत्या पाण्याखाली किती वेळ धरलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज तिच्या तळव्यावर डाग आहे. पाण्याने तो राहिलाच नसता, असा दावा मी करत नाही. पण करायला हवं होतं ते मी केलं नाही, हे मला रोज दिसतं.

भाजणारी वस्तू दूर झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता आत काम करतच राहते. ती काढून घेणं हाच पहिला उपचार. तूप-तेल ती उष्णता आतच कोंडतं. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेली कातडी आणखी दुखावते. टूथपेस्टने आग वाढते. हळद किंवा शाई लावली की जखम किती खोल आहे हे डॉक्टरला नीट कळत नाही.

"आमच्या आजीने जन्मभर तूपच लावलं, कुणाचं काही बिघडलं नाही," हे मी हमखास ऐकतो. बिघडलं नाही, कारण बारीकसारीक चटके आपोआपच बरे होतात. श्रेय मात्र तुपाच्या वाटीला! शिवाय आजीच्या घरी पाणी विहिरीवरून कळशीने यायचं. वीस मिनिटं धार सोडून ठेवणं तिला परवडणारं नव्हतं. आपल्याला इंग्लंडात कसली अडचण आहे?

आणि परंपरेचाच मान राखायचा असेल, तर सुश्रुतसंहितेत भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा दिला आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी आधी जखम पाहायला शिकवलं. दिसेल ते फासणं ही परंपरा नव्हे. टूथपेस्टची ट्यूब तर आपल्याकडे साहेबाच्या राज्यात आली!

खरा घरगुती उपाय फुकट आहे. नळाच्या गार, पण बर्फासारख्या नव्हे, अशा वाहत्या पाण्याखाली भाजलेला भाग वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून धरा, कारण वीस मिनिटं फार लांब वाटतात. सुरुवातीला विसरलात, तरी तीन तासांच्या आत केलेलं उपयोगी पडतं. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आधी काढा. कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढू नका. मूल असेल तर बाकीचं अंग उबदार ठेवा. मग वरून क्लिंग फिल्मचा एक थर अलगद ठेवा, गुंडाळू नका. दुखत असेल तर पॅरासिटामॉल द्या. फोड फोडू नका. जखम पूर्ण गार झाल्यावर, कातडी अखंड असेल तर कोरफडीचा गर लावायला माझी ना नाही.

भाजलेला भाग त्या माणसाच्या हातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, पाय किंवा नाजूक जागा भाजली असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, विजेने किंवा रसायनाने भाजलं असेल, तर पाणी सोडा आणि थेट ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी गाठा. शंका असेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९.

त्या दिवशी शेवटी मीच त्या मुलीचा हात नळाखाली ओढला. "काका, पाण्याने काय होणार?" असं ती विचारत होती. पाच मिनिटांनी हात काढून घेऊ लागली, तेव्हा मी तिला गप्पांत गुंतवून वीस मिनिटं पुरी केली.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. यंदाच्या गणपतीत हॉलमधल्या सिंकवर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवा: "भाजलं? आधी नळ सोडा. २० मिनिटं." हळदीचा डबा राहू द्या तिथेच, वरणासाठी.