प्रतिपिंड हा पुरावा आहे, निकाल नव्हे

आकडीचे मूळ आता रक्ताच्या एका चाचणीत सापडेल, असे सुचवणारी विज्ञानवार्ता वाचायला सुखद असते. ती अर्धसत्य असते, आणि वैद्यकातील अर्धसत्याची किंमत रुग्ण मोजतो.

सत्याचा भाग मोठा आहे. 2007 मध्ये जोसेप डालमाउ आणि सहकाऱ्यांनी मेंदूतील एनएमडीए ग्राहींवर हल्ला करणारी प्रतिपिंडे ओळखली. आजार बहुधा तरुण स्त्रियांना व मुलांना गाठतो. आधी भ्रम व विचित्र वागणूक, मग आकडी. असा रुग्ण मानसोपचारतज्ज्ञापुढे येऊन तिथेच अडकू शकतो. मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान एकाच छपराखाली असलेल्या बेंगळुरूच्या निम्हान्समधील तज्ज्ञांनी 2016 मध्ये या आजाराचा आपला अनुभव मांडला, तेव्हा निदानातील पेचांचीही चर्चा केली. वार्तांमधून नेमके हेच पेच गळतात.

एनएमडीए प्रतिपिंडे रक्तात कधी निरोगी माणसांतही आढळतात. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवाची तपासणी अधिक विश्वसनीय. एलजीआय-1 प्रतिपिंडांबाबत मात्र रक्तच अधिक उपयोगी. चेहरा व त्याच बाजूचा हात क्षणभर आखडणारे, दिवसातून अनेकदा येणारे त्यांचे झटके तर अनुभवी डोळा अहवालाआधीच ओळखतो.

म्हणून ‘प्रत्येक अपस्माररुग्णाची चाचणी करा’ हा आग्रह घातक आहे. भारतात अपस्मारामागे मेंदूतील फीतकृमीच्या अळ्या, डोक्याची इजा, जन्मावेळची गुंतागुंत अशी कितीतरी कारणे असतात. जिथे आजार विरळ, तिथे सकारात्मक अहवालांत खोट्यांचे प्रमाण वाढते. आणि खोट्या अहवालापोटी दिलेले स्टेरॉइड निरुपद्रवी नसतात.

याउलट अहवालाची वाट पाहत उपचार रोखणे हीही तितकीच गंभीर चूक. 2016 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार लक्षणे, एमआरआय, ईईजी आणि मणक्यातील द्रव यांवरून संभाव्य निदान करता येते. प्रतिपिंडांचा अहवाल येण्याआधी उपचार सुरू होऊ शकतात. नकारात्मक अहवालानेही आजार नाकारला जात नाही.

तेव्हा यापुढे अशी वार्ता वाचताना विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत: कोणते प्रतिपिंड? कोणत्या द्रवात? कोणत्या पद्धतीने? आणि कोणत्या रुग्णांत? ज्या वार्तेत ही उत्तरे नाहीत, ती विज्ञानाची वार्ता नव्हे. ती प्रयोगशाळेची जाहिरात होय.