नकाशातलं स्वयंपाकघर

मैत्रिणींनो, घर बांधायला काढलं की आर्किटेक्टकडून नकाशा येतो, तो बैठकीत टीपॉयवर पसरला जातो आणि घरातली पुरुषमंडळी त्यावर वाकतात. आपण चहा घेऊन गेलो की ‘बघ गं, ठीक आहे ना?’ एवढं विचारलं जातं. त्या रेघांमधून कळणार काय? आपण ‘हो’ म्हणून आत येतो. भिंती उभ्या राहिल्यावर लक्षात येतं, की फ्रिजचं दार उघडलं तर ओट्याशी उभंच राहता येत नाही! कर्जाचे हप्ते मात्र वर्षानुवर्षं भरायचे असतात.

यावर चांगला उपाय आहे. आधी अख्खं घर संगणकावर बांधायचं, मग खरं. याला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात ‘बिम’ म्हणतात. (स्लॅबखालच्या बीमशी याचा संबंध नाही बरं का!) हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचं ‘आर्किकॅड’ १९८०च्या दशकातलं, ‘रेव्हिट’ २००० सालचं. नागपूर मेट्रोच्या उभारणीतही हीच पद्धत वापरली गेली.

माझ्या आर्किटेक्ट भाच्याकडून मी हे समजून घेतलं. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. इथे भिंत ही भिंतच असते. तिची उंची किती, जाडी नऊ इंच की साडेचार, ती विटेची की आणखी कशाची, हे सगळं तिच्याबरोबर नोंदलेलं असतं. म्हणून खिडकी मोठी केली, की ती नकाशात, दर्शनी चित्रात आणि खिडक्यांच्या यादीत एकदमच मोठी होते, आणि भिंतीचं बांधकाम किती कमी झालं तेही दिसतं.

मला विशेष आवडली ती उन्हाची सोय. गाव, तारीख आणि वेळ सांगितली, की ऊन कुठवर येईल ते दिसतं. पुण्यात डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला, साधारण ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत चांगलं आतपर्यंत येतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच. तेव्हा छज्जा किती पुढे काढायचा ते आधीच ठरवता येतं. स्वयंपाकघर पश्चिमेला असेल तर मे महिन्यातली संध्याकाळी पाचची वेळ लावून बघाच. त्या उन्हात पोळ्या तुम्हाला लाटायच्या आहेत!

जिन्याचंही तसंच. दोन मजल्यांत दहा फूट अंतर आणि पायरी सात इंचांची धरली, तर सतरा पायऱ्या लागतात. त्या जिथे वळतात तिथे डोकं आपटेल का, हे कागदावर सहज कळत नाही.

हे सगळं नगरपालिकेत नकाशा दाखल करण्याआधी व्हायला हवं. तोवर भिंत हलवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. नंतर फोडाफोड आली. जाताना घरातल्या वस्तूंची मापं शिवणाच्या टेपने घेऊन जा: फ्रिज, कपाट, सासूबाईंचा पलंग, शिलाई मशीन. ती मॉडेलमध्ये ठेवायला सांगा. पाहणाऱ्याच्या नजरेची उंचीही बदलता येते, तेव्हा तुमची उंची पाच फूट असेल तर तेवढी लावून घ्या आणि वरच्या फळीपर्यंत हात पोचतो का ते पाहा.

एक मात्र सांभाळा. गुळगुळीत रंगीत चित्र म्हणजे मॉडेल नव्हे. चित्रात सोफा छान दिसतो, पण चित्राला भिंतीची जाडी विचारता येत नाही. आणि दोन खोल्यांच्या घराला एवढा सरंजाम लागतोच असं नाही. ‘स्केचअप’सारख्या सोप्या साधनात केलेलं मॉडेलही पुरतं. याची फी वेगळी आहे का, ते पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्या. कॉलम, सळया आणि पाया यांचा हिशेब मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचा.

आणि त्या भेटीला तुम्ही स्वतः जा. ‘ह्यां’च्या हाती चिठ्ठी देऊन पाठवू नका.